भाजक्या हिरव्या मिरचीचें सार



धायरी फाट्यावरून सिंहगडाची वाट धरावी, गड चढावा आणि वर पिठलें-भाकरीचें पान पुढें यावें, म्हणजे त्या पानाच्या डाव्या बाजूला बोटभर हिरवा ठेचा असावयाचाच. पुणेकर कुटुंबाला त्यांत नवल वाटत नाहीं. ठेचा हा भाकरीइतकाच जुना आणि पूर्णपणें आपल्या मातींतला, असा आपला समज असतो. आजच्या भाषणांत ह्या ठेच्याच्या एका दूरच्या भावंडाची ओळख करून द्यावयाची आहे. तें मेक्सिको देशांत राहतें. तेथें हिरवी मिरची भाजतात, एक आंबट हिरवें फळ भाजतात, लसूण भाजतात, तें सारें दगडावर वाटतात, आणि झालेलें सार मक्याच्या पातळ भाकरीला माखतात. अशा भाकरीला एन्चिलाडा म्हणतात. शब्दाचा अर्थ 'मिरची लावलेली' एवढाच.

हें सार धायरींतल्या एखाद्या घरीं, आपल्याच बाजारांतल्या जिनसांनीं कसें करावें, करतांना मिरचींत काय पालट होतो, आणि उरलेलें बरणींत भरून ठेवतांना काय सांभाळावें, असा आजचा विषय आहे. ह्यांतला शेवटचा भाग जिवाशीं संबंध असलेला आहे. म्हणून त्याला मी अधिक वेळ देणार आहें.

प्रथम जुनेपणाच्या समजाविषयीं. मिरची मूळची मेक्सिकोकडची; तिकडे ती हजारों वर्षें लागवडींत आहे. आपल्याकडे ती सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली. त्यांनीं गोवें घेतलें तें १५१० सालीं. त्याआधीं आपल्या स्वयंपाकांत तिखटपणा आणावयाचा तो मिरी, पिंपळी, आलें, सुंठ आणि मोहरी ह्यांनीं. ज्ञानेश्वरांच्या काळीं कोणी ठेचा खाल्ला असेल, हें शक्य नाहीं. नवें फळ आलें तेव्हां त्याचें नांवहि मिरीवरूनच पडलें; मिरी, तशी मिरची. गंमत अशी, कीं स्पेनच्या लोकांनींहि नेमकें हेंच केलें. कोलंबस निघाला होता तो आपल्या मलबारच्या मिरीसारख्या मसाल्यांच्या शोधांत. हातीं लागली ती मिरची. आणि त्यांच्या भाषेंतहि तिला मिरीचेंच नांव थोडें फिरवून देण्यांत आलें. 'चिली' हा शब्द मात्र मेक्सिकोच्या मूळ रहिवाशांच्या नाहुआट्ल भाषेंतला. बेर्नार्दिनो दे साहागुन ह्या स्पॅनिश धर्मोपदेशकानें सोळाव्या शतकांत त्या लोकांच्या चालीरीतींचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. त्यांत बाजारांत तयार कालवणें विकणाऱ्यांचें वर्णन आहे, आणि त्या कालवणांत मिरची, टोमॅटो आणि भोपळ्याच्या बिया येतात. तेव्हां चारपांचशें वर्षांपूर्वीं तिकडे हें सार बाजारांत विकत मिळत होतें, आणि आपल्याकडे मिरचीचें रोप नुकतें कोठें रुजत होतें.

आतां तें आंबट हिरवें फळ. त्याला तिकडे टोमाटियो म्हणतात. दिसावयास लहान हिरव्या टोमॅटोसारखें, पण कागदासारख्या पातळ पिशवींत बसलेलें. पिशवी सोलली कीं आंतलें फळ हाताला चिकट लागतें. तें कोमट पाण्यानें धुवून घ्यावें लागतें. नाहुआट्ल भाषेंत 'टोमाट्ल' हें नांव ह्याच जातीच्या फळाचें होतें; आपण ज्याला टोमॅटो म्हणतों त्याला ते लोक 'शितोमाट्ल' म्हणत. स्पॅनिश लोकांनीं पुढचें अक्षर गाळलें आणि जगभर घोटाळा करून ठेवला. ह्या फळाचा एक गरीब नातेवाईक आपल्या शेतांच्या बांधांवरहि असतो. पावसाळ्यांत उगवणारी चिरबोटी, जिला कोठें रानपोपटी म्हणतात, ती ह्याच कुळांतली. तिचींहि बारीक फळें अशींच कागदी पिशवींत असतात. परंतु तिच्यापाशीं जाऊं नये. ह्या कुळांतलीं कित्येक फळें कच्चीं असतांना बाधतात, आणि सार करण्याइतकीं तीं मिळतहि नाहींत.

आपल्याला उपाय शोधण्यासाठीं दूर जावें लागत नाहीं. कच्चा हिरवा टोमॅटो हें काम पुष्कळ चांगलें करतो. पुणें जिल्ह्यांत टोमॅटोला तोटा नाहीं. जुन्नर तालुक्यांतलें नारायणगांव त्याच्या बाजारासाठीं प्रसिद्धच आहे. हिरव्या टोमॅटोची दाण्याचें कूट किंवा तीळ घालून केलेली चटणी आपल्या घरांतून होतेच. म्हणजे अर्धा रस्ता आपण आधींच चाललेले आहों. टोमॅटो घेतांना तो पुरा वाढलेला, घट्ट, पण अजून रंग न चढलेला असा पाहून घ्यावा. अगदीं बोराएवढे कोंवळे टोमॅटो कडू लागतात आणि ते पोटालाहि चांगले नव्हेत. देठ आणि देठाजवळचा हिरवा भाग काढून टाकावा. टोमाटियोइतका आंबटपणा मात्र ह्यांत नसतो. तो लिंबानें भरून काढावा लागतो. हें लिंबू केवळ चवीपुरतें नाहीं, हें पुढें कळेलच.

मिरचीची निवड थोडी विचारानें करावयास हवी. मेक्सिकोंत ह्या सारासाठीं कित्येकदां 'पोब्लानो' नांवाची मोठी, रुंद, काळपट हिरवी मिरची घेतात. तिला गर भरपूर आणि तिखटपणा बेताचा. आपल्याकडची लवंगी किंवा ज्वाला नेमकी उलट. अंगानें सडपातळ आणि जिभेनें कडक. पावशेर लवंगी भाजून सार केलें तर तें कोणाच्या घशाखालीं उतरणार नाहीं. म्हणून गरासाठीं एक जात आणि तिखटासाठीं दुसरी, अशी जोडी जमवावी. भजीं करण्यासाठीं आपण जी लांब भावनगरी मिरची आणतों ती, किंवा ढोबळी मिरची, गराचें काम करते. तिच्या जोडीला तीनचार ज्वाला मिरच्या पुरतात. कोल्हापूरकडच्या मंडळींना हें बोलणें मिळमिळीत वाटेल. त्यांनीं आपला खर्डा खुशाल नेहमीप्रमाणें करावा. सार हा निराळा पदार्थ आहे, तें वाटीनें खावयाचें असतें.

खर्डा आणि ठेचा ह्यांत भेद काय, हा वाद येथें मिटवण्याचा माझा विचार नाहीं. कोणी म्हणतें एकच, कोणी म्हणतें वाटण्यांत फरक, कोणी म्हणतें दाणे घातले तर एक आणि न घातले तर दुसरा. धायरीसारख्या ठिकाणीं तर हा वाद एकाच जिन्यावर ऐकूं येईल. धारेश्वराच्या देवळासाठीं ओळखलें जाणारें हें गांव २०१७ सालीं पुणें महानगरपालिकेंत आलें. पूर्वींच्या शेतांच्या जागीं आतां इमारती आणि लहानमोठे कारखाने उभे आहेत, आणि बाहेरगांवाहून आलेल्या कुटुंबांनीं आपापल्या मिरच्या बरोबर आणल्या आहेत. खानदेशांतल्या माणसाला तर भाजलेल्या वांग्याच्या भरितांत हिरवी मिरची आणि लसूण ठेचून घातल्याशिवाय भरीत म्हणवत नाहीं. तो तें लांकडी बडगींत ठेचतो. ह्या साऱ्या प्रकारांत एक गोष्ट समान आहे. मिरची कच्ची वाटावयाची नाहीं. तिला आधीं आंच दाखवावयाची.

ती कां? हाच ह्या पाककृतीचा गाभा आहे. हिरव्या मिरचीवर मेणासारखी गुळगुळीत आणि चिवट साल असते. मिरची तापली कीं सालीखालच्या पाण्याची वाफ होते, ती साल उचलून धरते, आणि फोड आलेला भाग आगीनें काळा पडतो. साल अशी सुटली म्हणजे आंतला गर वाटणांत मऊ मिसळतो. नाहीं तर सालीचे तुकडे दांतांत अडकत राहतात. दुसरें असें, कीं कच्च्या मिरचीला गवतासारखा जो उग्र हिरवा वास असतो तो आंचेनें मागें सरतो. आणि मिरचींत जी थोडी साखर असते तिच्यापासून, भाकरीच्या पापुद्र्याला किंवा भाजलेल्या दाण्याला येतो तसला खमंगपणा येतो. तेंच लसणीचें. कच्ची लसूण झोंबते, आणि तिची झोंबणी ठेचल्यावरच निर्माण होते. सालीसकट भाजली तर ती निर्माण करणारें द्रव्य आंचेनें निकामी होतें आणि पाकळी गोडसर लागते.

तिखटपणा मात्र भाजल्यानें जात नाहीं. पुष्कळांना वाटतें कीं तो बियांत असतो. तसें नाहीं. बिया ज्या पांढऱ्या शिरांना चिकटलेल्या असतात त्या शिरांत तो असतो. बियांना तो केवळ शेजारानें लागतो. तेव्हां सार सौम्य हवें असेल तर बिया झटकून भागणार नाहीं, शिरा खरवडून काढल्या पाहिजेत. ह्या तिखट द्रव्याला कॅप्सेइसिन म्हणतात. मिरचीचा तिखटपणा मोजण्याची पहिली पद्धति विल्बर स्कोव्हिल ह्या अमेरिकन औषधशास्त्रज्ञानें १९१२ सालीं बसवली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यांत कितीपट पातळ केल्यावर जिभेला तिखट लागेनासा होतो, हें तो माणसांना चाखावयास देऊन ठरवी. जिभेला तें कसें कळतें, ह्याचा उलगडा व्हावयास मात्र १९९७ साल उजाडलें. डेव्हिड ज्यूलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखवून दिलें, कीं ऊन चटका ज्या मज्जातंतूंच्या द्वारानें आपल्याला जाणवतो, त्याच द्वारावर कॅप्सेइसिन हात मारतें. म्हणून तिखट खाल्लें कीं तोंड 'भाजतें' असें आपण म्हणतों तें अलंकारिक नव्हे. मज्जातंतु मेंदूला अक्षरशः भाजल्याचीच वर्दी देत असतात. ह्या शोधाला २०२१ सालच्या नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. हें द्रव्य पाण्यांत विरघळत नाहीं, तेलांत विरघळतें. त्यामुळें ठसका लागल्यावर पाण्याचा तांब्या तोंडाला लावण्यांत अर्थ नसतो. दूध किंवा दही घ्यावें. गडावर ठेच्याशेजारीं मडक्यांतलें दही ठेवणाऱ्यांना हें कोणी शिकवलें नव्हतें.

आतां प्रत्यक्ष कृति. चार माणसांसाठीं अर्धा किलो हिरवे टोमॅटो, दोन मोठ्या भावनगरी मिरच्या किंवा एक ढोबळी मिरची, तीनचार ज्वाला मिरच्या, एक मध्यम कांदा, लसणीच्या पांच-सहा पाकळ्या सालीसकट, मूठभर कोथिंबीर, अर्धा चमचा जिरें, एक मोठें लिंबू, मीठ आणि एक मोठा चमचा तेल. साहित्य इतकेंच. मिरच्यांना सुरीच्या टोंकानें एकेक चीर द्यावी. ही चीर विसरूं नये. आंत वाफ कोंडली तर मिरची फुटून डोळ्यावर उडते.

लोखंडी तवा मोठ्या आंचेवर चांगला तापवावा. तेल घालूं नये. मेक्सिकोंतहि ह्यासाठीं सपाट तवाच असतो, त्याला ते कोमाल म्हणतात. टोमॅटो आडवे चिरून त्यांची कापलेली बाजू तव्यावर ठेवावी, भोंवतीं मिरच्या, कांद्याच्या जाड फोडी आणि लसूण मांडावी, आणि मग हात आंवरावा. सारखें हलवत राहणें ही आपली खोड आहे. त्यानें पदार्थ उकडतो, भाजत नाहीं. एक बाजू काळ्या डागांनीं भरली कीं मगच उलटावें. लसूण पांच-सात मिनिटांत होते, ती आधीं काढावी. जळाली तर सारें सार कडू करील. भावनगरी मिरची गॅसच्या ज्योतीवर जाळी ठेवून वांग्यासारखी भाजली तर अधिक चांगली. ज्यांच्या घरीं विजेची शेगडी आहे आणि ज्योत नाहीं, त्यांनीं तव्यावरच उलथन्यानें मिरची दाबून धरावी. खिडकी उघडी असावी, कारण मिरचीचा खकाणा उठतो. घरांत दम्याचें माणूस असेल तर त्याला त्या वेळीं दुसऱ्या खोलींत बसवावें.

भाजलेल्या मिरच्या एका पातेल्यांत घालून दहा मिनिटें झांकून ठेवाव्या. आंतल्या वाफेनें साल आपोआप सुटते. ती बोटांनीं ओढून काढावी. नळाखालीं धरून धुवूं नये, कारण ज्या खमंगपणासाठीं एवढी खटपट केली तोच पाण्याबरोबर वाहून जातो. थोडी काळी साल राहिली तर राहूं द्यावी, ती शोभते. ज्वाला मिरचीची साल काढण्याचा खटाटोप मुळींच करूं नये.

वाटण्याविषयीं माझें मत जरा हट्टी आहे. मिक्सरांत फार वेळ फिरवलें तर टोमॅटोचें पाणी आणि मिरचीचा लगदा एकजीव होऊन बेचव, फेसाळ द्रव होतो. पदार्थाचा कण जिभेला लागत नाहीं. ज्यांच्याकडे पाटा-वरवंटा किंवा दगडी खल आहे त्यांनीं आज तो काढावा. मेक्सिकोंतल्या तीन पायांच्या दगडी खलाला मोल्काहेते म्हणतात, आणि तो बसाल्ट ह्या ज्वालामुखीच्या दगडाचा घडवलेला असतो. आपला पाटाहि त्याच जातीचा. सिंहगडाचा डोंगर, धायरीच्या भोंवतालच्या टेकड्या, सारा दख्खनचा काळा पाषाण हा सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं ओतलेल्या लाव्ह्याचाच आहे. मिरचीनें समुद्र ओलांडला; वाटण्याचा दगड मात्र दोन्ही ठिकाणीं आधींपासून तयार होता. दगडाला टांकी लावून खडबडीत केलेला पृष्ठभाग मिरचीचे तंतु फाडतो, चिरत नाहीं. तेल आणि रस त्यांतून पिळून निघतात. पाट्याला टांकी लावून देणारा आतां क्वचितच दारावर येतो, हें खरें. तेव्हां मिक्सरच वापरावयाचा तर थांबून थांबून दोनचार वेळांच फिरवावा. आधीं लसूण, जिरें आणि मीठ, मग मिरच्या, मग कांदा, टोमॅटो शेवटीं.

आतां एक पायरी अशी, जी ठेच्यांत नाहीं. कढईंत तेल चांगलें तापवून त्यांत हें वाटण एकदम ओतावें. चर्र आवाज झाला पाहिजे. दोनतीन मिनिटें परतून मग वाटीभर पाणी घालावें आणि मंद आंचेवर दहाबारा मिनिटें शिजूं द्यावें. पळीच्या पाठीला सार धरून राहिलें कीं झालें. लिंबाचा रस आणि बारीक चिरलेली कोथिंबीर सर्वांत शेवटीं, भांडें खालीं उतरवल्यावर. ह्याचें कारण रंगाचें आहे. पानाचें हरितद्रव्य आंबटांत फार वेळ शिजलें तर त्यांतला मॅग्नेशियमचा अणु निघून जातो आणि तजेलदार हिरवा रंग शेवाळी होतो. मेक्सिकोंतलें सारहि अगदीं पोपटी नसतें. तें काळसर हिरवेंच असावयाचें. परंतु वरून घातलेली कोथिंबीर डोळ्याला बरी वाटते.

खावयाचें कशाशीं? मक्याची भाकरी गुंडाळूं गेलें तर ती मोडेल. मेक्सिकोंतली भाकरी गुंडाळतां येते, कारण तेथें मका चुन्याच्या पाण्यांत शिजवून, भिजवून, मग वाटतात. चुन्यानें त्याचें पीठ चिकट होतें, आणि मक्यांतलें एक जीवनसत्त्व अंगीं लागण्याजोगें होतें तें वेगळेंच. आपण पिठाची भाकरी करतों, तेव्हां ती ताटांत उघडीच ठेवावी, तिच्यावर उकडलेल्या बटाट्याची किंवा पनीराची भाजी पसरावी आणि वरून ऊन सार ओतावें. ज्वारीच्या भाकरीवर तर फारच उत्तम लागतें. घडी करावयाचीच हौस असेल तर गव्हाची पोळी घ्यावी.

आणि आतां उरलेल्या साराविषयीं. किंबहुना उरलेल्या ठेच्याविषयींहि.

आपल्या घरांत एक समजूत पक्की रुजलेली आहे, कीं कोणत्याहि पदार्थावर तेलाचा बोटभर थर दिला म्हणजे तो टिकतो. ही समजूत लोणच्यावरून आली. लोणच्यांत ती खरी ठरते, पण तेलामुळें नव्हे. लोणचें टिकतें तें भरपूर मिठानें आणि लिंबाच्या किंवा कैरीच्या आंबटपणानें. वरचें तेल फक्त बुरशीला हवा मिळूं देत नाहीं. ठेच्यांत मीठ चवीपुरतें असतें आणि आंबट बहुधा नसतेंच. अशा ठेच्यावर तेलाचा थर देऊन ती बरणी ओट्यावर पंधरा दिवस ठेवणें म्हणजे हवा बंद करून एका विषारी जंतूला मोकळें रान देणें होय.

ह्या जंतूचें नांव क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम. त्याचीं बीजें मातींत सर्वत्र असतात. म्हणून मातींत वाढणाऱ्या लसणीवर तीं सहज येतात. पाणी उकळलें तरी हीं बीजें मरत नाहींत. हवा असेल तेथें तीं निपचित पडून असतात. हवा नाहीं, आंबट नाहीं, फार मीठ नाहीं, ओल आहे आणि ऊब आहे, अशी जागा मिळाली कीं तीं रुजतात आणि विष तयार करतात. ह्या विषाला बहुतेक वेळां वास नसतो, चव नसते, पदार्थ बिघडल्याची खूण दिसत नाहीं. तें पोटांत गेलें म्हणजे पापण्या जड होतात, एकाच्या दोन वस्तु दिसूं लागतात, गिळतां येत नाहीं, बोलणें अडखळतें, आणि पुढें श्वासाचे स्नायु लुळे पडतात. अशीं लक्षणें दिसलीं तर घरगुती उपाय करीत बसूं नये. तत्काळ मोठ्या रुग्णालयांत न्यावें आणि काय खाल्लें तें सांगावें.

हें काल्पनिक भय नव्हे. १९७७ सालीं अमेरिकेंतल्या मिशिगन राज्यांत पॉन्टियाक ह्या गांवीं एका मेक्सिकन भोजनालयांत जेवलेलीं सुमारें साठ माणसें ह्या विषानें आजारी पडलीं. कारण शोधतां निघालें तें असें, कीं तेथल्या तिखट साराला हिरव्या मिरच्या वापरल्या होत्या त्या घरगुती रीतीनें, नीट काळजी न घेतां, बरण्यांत बंद केलेल्या होत्या. १९८५ सालीं कॅनडांतल्या व्हँकूव्हरला तेलांत ठेवलेल्या चिरलेल्या लसणीमुळें ३६ माणसांना हीच बाधा झाली. मिरची आणि लसूण, लसूण आणि तेल. आपल्या ठेच्याची हीच सामग्री आहे.

ह्यावर उतारा आंबटपणाचा. आंबटपणा सामू ह्या मापानें मोजतात; शुद्ध पाण्याचा सामू ७, आणि पदार्थ जितका आंबट तितका आंकडा लहान. सामू ४.६ च्या वर असेल तरच हा जंतु रुजूं शकतो. हिरवी मिरची पांच-सहाच्या दरम्यान असते, म्हणजे धोक्याच्या बाजूला. टोमाटियो ४.६ च्या बराच खालीं. म्हणून मेक्सिकोच्या सारांत तो जो आंबटपणा आणतो, त्यानें चवीबरोबर रक्षणहि होतें. टोमॅटो सीमेच्या आसपासच घोटाळतो, त्याच्यावर भरंवसा ठेवतां येत नाहीं. लिंबाचा रस अडीचच्याहि खालीं. आतां कळेल, कीं मघाशीं सांगितलेलें लिंबू कशासाठीं. तरीहि कांदा, लसूण, मिरची ह्यांच्या प्रमाणांत दर खेपेला फरक पडतो, आणि घरांत सामू मोजण्याचें साधन नसतें. तेव्हां 'लिंबू घातलें आहे, आतां महिनाभर बाहेर राहील' असा हिशेब मांडूं नये.

व्यवहाराचा नियम एवढाच, कीं सार किंवा ठेचा दोन तासांच्या आंत थंड करून शीतकपाटांत ठेवावा, आणि चार दिवसांत संपवावा. अधिक दिवस हवा असेल तर बर्फाच्या साच्यांत घालून गोठवावा. गोठलेल्या वड्या दोनतीन महिने चांगल्या राहतात आणि लागेल तेवढी एक वडी कढईंत टाकतां येते. पुन्हां वापरतांना सार नुसतें कोमट न करतां चांगलें दहा मिनिटें उकळावें. बीजें उकळण्यानें मरत नसलीं तरी त्यांनीं केलेलें विष उकळण्यानें नासतें. मात्र ज्या बरणीचा संशय आला ती उकळून वांचवण्याच्या भरीस पडूं नये, चाखूनहि पाहूं नये, टाकून द्यावी.

आपल्या वडीलधाऱ्या बायकांना सामू ठाऊक नव्हता, परंतु त्यांच्या घरच्या रीती पाहिल्या तर त्या ह्या नियमाला धरूनच होत्या. ठेचा त्या रोजच्या रोज करीत. टिकवावयाचें असेल तेव्हां मिरची दह्यामिठांत भिजवून सांडगी मिरची करीत आणि ती खडखडीत वाळवीत. किंवा लिंबाच्या रसांत आणि मुबलक मिठांत तिचें लोणचें घालीत. किंवा लसणीची चटणी सुक्या खोबऱ्याबरोबर कोरडी कुटीत. वाळवणें, खारवणें, आंबवणें ह्या तिन्हींपैकीं एक तरी असेच. ओला, अळणी ठेचा तेलाखालीं महिनाभर ठेवण्याची रीत नवी आहे. आयत्या बरण्या मिळूं लागल्या आणि तशीच बरणी घरींहि भरावी असें वाटूं लागलें, त्यांतून ती आलेली दिसते. आयत्या बरणींत आम्ल मोजून घातलेलें असतें, हें तिच्यावरच्या बारीक अक्षरांत लिहिलेलें असतें; तें मात्र वाचलें जात नाहीं.

वेळ थोडा उरला आहे, तेवढ्यांत हातांविषयीं सांगून घेतें. मिरच्या सोलल्यावर हात नुसत्या पाण्यानें धुतले तर आग तशीच राहते, कारण तें द्रव्य पाण्याला दाद देत नाहीं. प्रथम थोडें गोडें तेल हातांना चोळावें, तें फडक्यानें पुसावें, आणि मग साबणानें धुवावें. असें दोनदां करावें. लहान मूल अंगावर असेल तर त्या आईनें मिरच्या सोलण्याचें काम घरांतल्या दुसऱ्या कोणाला द्यावें. पुरुष मंडळी ह्या कामाला अगदीं योग्य आहेत. फक्त त्यांना डोळे चोळूं नका म्हणून आधीं बजावून ठेवावें.